पेन्शनच्या पानावरची बायको

सतरा वर्षं मी लष्करात होतो आणि सतरा वर्षांत शत्रूवर एकही गोळी झाडलेली नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी भलत्या अपेक्षेनं वाचायला नको. मी क्लार्क होतो. जवानांचा पगार, रजा, भत्ते, बढत्या हे सगळं कागदावर उतरवणारा. बाकीचे बंदुका साफ करत तेव्हा मी कागदांच्या मधे कार्बन लावत असे. गावाला हे आजही पटत नाही. मिठबावात स्वातंत्र्यदिनाला झेंड्याजवळ मला पहिल्या रांगेत उभं करतात आणि मीही छाती काढून उभा राहतो. कशाला उगाच लोकांचा विरस करा?

लष्करात एक कागद निघतो, त्याला आम्ही 'पार्ट टू' म्हणायचो. जवानाचं लग्न झालं, मूल झालं, घरात कुणी गेलं, की ते पार्ट टूमध्ये छापून यावं लागतं. छापलं तर घडलं. नाही छापलं तर सरकारच्या लेखी घडलंच नाही. रजेवरून नवा नवरदेव परतला की लाडवाचा डबा घेऊन आधी माझ्या टेबलाशी यायचा. मी म्हणायचो, "लाडू नंतर. आधी फॉर्म." एकदा एकजण काकुळतीला येऊन म्हणाला, "अहो, हळद तरी उतरू द्या." मी म्हटलं, "उद्या तुझं काही बरंवाईट झालं तर तुझ्या बायकोला हळद बघून कुणी पेन्शन देणार नाही." बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं. माझ्या जिभेला तेव्हाही हाड नव्हतं. पण फॉर्म त्यानं त्याच दिवशी भरला, आणि तसे कितीतरी जणांचे मी भरून घेतले.

हवालदार होऊन मी परत आलो तो अडतिसाव्या वर्षी. दोन बहिणींची लग्नं व्हायची होती, म्हणून माझं राहिलं होतं. आल्यावर सहा महिन्यांत आईनं माझंही उरकलं. पलीकडच्या गावातली मुलगी, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, आणि बोलण्यात माझ्याहून नऊ पट मोठी. आम्हाला मूलबाळ झालं नाही. हे एका वाक्यात सांगतो, कारण त्याच्यावर दुसरं वाक्य आम्ही दोघं कधी बोललेलो नाही. घर, सोळा हापूसची कलमं आणि दर महिन्याचं माझं पेन्शन. कलमांचा काही भरवसा नाही, एक वर्षी फळ लागतं आणि दुसऱ्या वर्षी नुसता पाला. आमचं घर चालतं ते पेन्शनवर.

तर अलीकडे या पेन्शनचा सगळा कारभार ऑनलाइन झाला. आधी बँकेत जायचं, रांगेत उभं राहायचं, आपण जिवंत आहोत असं लिहून द्यायचं. आता म्हणे मोबाइलवर आपला चेहरा दाखवायचा, आपली माहिती आपणच बघायची, चूक असेल तर आपणच कळवायची. पहिला मेसेज आला तेव्हा मी फोन टेबलावर आपटला. आमच्या काळात एक आकडा बदलायला तीन सह्या लागायच्या, आणि हे म्हणतात ओटीपी टाका! पण दोन महिन्यांत मी त्यात असा काही रमलो की विचारू नका. कागद हरवत नाही, फाइल कुणाच्या कपाटात झोपत नाही, आपला अर्ज कुठल्या टेबलावर अडलाय ते घरबसल्या दिसतं. आयुष्यभर मला असंच काहीतरी हवं होतं आणि ते मिळालं मी म्हातारा झाल्यावर.

मग काय, आमच्या पडवीत माझं ऑफिसच उघडलं. आसपासचे माजी सैनिक, त्यांच्या बायका, पार तळेऱ्याहून एक म्हातारे नाईक दोन एसट्या बदलून यायचे. मी फुकट करत असे, पण येणाऱ्याला माझी बोलणी खायला लागायची. त्या नाईकांचं तर मशीनच ऐकेना. हयातीच्या दाखल्यासाठी कॅमेऱ्यात बघून डोळ्यांची उघडझाप करावी लागते. हे खुर्चीत ताठ बसले, हनुवटी वर, छाती पुढे, आणि डोळे जे वटारले ते वटारलेच. फोन म्हणतो, डोळे मिटा. हे मिटेनात. "परेडच्या फोटोत डोळो लवलो तर सुबेदार तीन दिवस गड्डे खणूक लावी," नाईक म्हणाले. मी म्हटलं, "काका, सुबेदार गेलो. आता डोळो नाय लवलो तर सरकार तुमकाच गेलो म्हणून लिवतला." तरी नाही. शेवटी माझ्या बायकोनं मागून जोरात टाळी वाजवली. नाईक दचकले, डोळे लवले, आणि फोननं ते जिवंत असल्याचं मान्य केलं.

बायको त्या दिवशी चहाचे कप उचलता उचलता म्हणाली, "सगळ्यांचां झालां. आपलां बघितलास काय?"

बघितलं होतं. पहिल्याच दिवशी बघितलं होतं आणि पान बंद करून टाकलं होतं. पण आता ती माझ्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावत होती. तिला इंग्रजी वाचता येत नाही, मात्र पडवीत बसून बसून तिनं सगळ्यांची पानं पाहिली होती. कुटुंबाच्या रकान्यात नाईकांच्या पानावर दोन ओळी होत्या, शेजाऱ्यांच्या पानावर तीन. माझ्या पानावर एकच ओळ होती, आईची. खाली सगळं कोरं.

"हयसर मी खंय आसंय?" तिनं विचारलं.

मी घसा खाकरला. सांगितलं की जुन्या कागदांवरून या नव्या पद्धतीत माहिती चढवताना काहीतरी राहिलं असेल. शुद्ध थाप. जुन्या कागदात जे होतं ते त्यांनी अचूक चढवलं होतं. जुन्या कागदात आई होती आणि बायको नव्हती.

याचा अर्थ मला पुरता ठाऊक होता. अख्ख्या पंचक्रोशीत माझ्याइतका तो कुणालाच ठाऊक नसेल. पेन्शनवाला गेला की त्याच्या बायकोला कुटुंबाचं पेन्शन मिळतं, पण नोंद असेल तर सरळ मिळतं. नोंद नसेल तर त्या बाईला आपणच याची बायको होतो हे, नवरा नसताना, एकटीनं सिद्ध करावं लागतं. मी अशा बायकांचे अर्ज पाहिले होते. दोन-दोन वर्षं त्या पत्रं पाठवत राहायच्या. आणि गेल्या वर्षी माझ्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत दोन जाळ्या बसवल्या होत्या. मी उद्या गेलो असतो तर पहिल्या महिन्यापासून तिच्या हातात शून्य.

रात्रभर थांबायचा तिचा स्वभाव नाही. जेवायच्या आधीच तिनं माझी लोखंडी ट्रंक उघडून फाइल काढली. माझ्या फाइली नमुनेदार असतात, अनुक्रमणिकेसकट. तिसऱ्या क्रमांकावर, माझ्याच वळणदार अक्षरात, लिहिलं होतं: 'विवाहाची नोंद करणेबाबत अर्ज.' आत अर्ज होता. लग्नानंतर दीड महिन्यानं लिहिलेला, तारीख, सही, सगळं व्यवस्थित. मूळ प्रत. तिच्याखाली दुसरी प्रत. तिच्याखाली तिसरी.

"तीन कित्याक?" बायको म्हणाली.

"एक त्यांना पाठवायची, एक बँकेत द्यायची, एक आपल्याकडे ठेवायची."

"आणि हयसर किती आसत?"

तिन्ही होत्या. एवढंच नाही, वरच्या कोपऱ्यात मी लाल शाईनं शेरा मारला होता: 'कार्यवाही पूर्ण.' आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद पुढे सरकवणाऱ्या माणसानं स्वतःच्या लग्नाचा अर्ज तीन प्रतींत लिहून, भोकं पाडून, टॅग लावून, स्वतःच्याच फाइलीत बंद केला होता. बायको इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. मग एकदम हसायची थांबली आणि भाताकडे बघायला आत गेली. ते थांबणं मला आवडलं नाही.

ओरोसला माजी सैनिकांसाठी शिबिर होतं, तिथे आम्ही दोघं गेलो. कणकवलीला एसटी बदलली. बायकोनं चांगली साडी नेसली होती आणि वाटभर माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. हे फार वाईट लक्षण असतं. शिबिरात लॅपटॉपसमोर एक तरुण अधिकारी बाई होत्या, कामाला तरबेज. त्यांनी माझं पान उघडलं, भुवया वर केल्या आणि विचारलं, "तुम्ही स्वतः रेकॉर्डचं काम करायचात ना?"

मी हो म्हटलं.

"लग्नाचा दाखला आहे?"

दाखला कुठला! आमचं लग्न घरासमोरच्या मांडवात झालं, गावजेवण झालं, नोंदणी करायची असते हे तेव्हा गावात कुणाच्या गावीही नव्हतं. कुणाच्या म्हणजे, एक माणूस सोडून. त्याला पक्कं ठाऊक होतं, कारण तो सतरा वर्षं दुसऱ्यांना हेच सांगत आला होता.

"पण लग्न झालंय ना?" बाईंनी सहज विचारलं.

माझी बायको ऑफिसात गेली की मालवणी बाहेर ठेवून जाते. ती खुर्चीत सावरून बसली आणि अगदी पुस्तकी मराठीत म्हणाली, "मॅडम, झालेलं आहे असं मला सव्वीस वर्षं वाटत होतं."

बाईंनी ओठ दाबून धरले. शेजारच्या टेबलावरचे एक कॅप्टन मात्र खो खो हसले. मी कुठे बघावं ते न कळून पंख्याकडे बघत बसलो. बाईंनी यादी दिली: ग्रामपंचायतीतून विवाहनोंदणीचा दाखला, दोघांचा एकत्र फोटो, आधार, आणि आईच्या मृत्यूचा दाखला. "हे सगळं स्कॅन करून तुम्ही घरूनच टाकू शकता," त्या म्हणाल्या. "फार दिवस लागत नाहीत आता. पाठवलं तरच पोचतं, एवढं लक्षात ठेवा." शेवटचं वाक्य त्यांनी बायकोकडे बघून म्हटलं.

अशा रीतीनं, चौसष्टाव्या वर्षी, मी परत लग्नाच्या तयारीला लागलो. आणि गाव ते! बातमी आमच्या आधी घरी पोचली होती. तिठ्यावरच्या चहावाल्यानं विचारलं, "मुहूर्त कधीचो?" मासे घेऊन येणारी बाई टोपली उतरवता उतरवता म्हणाली, "हुंडो काय ठरलो गो?" देवगडला फोटो काढायला गेलो तर फोटोवाला म्हणाला, "जरा जवळ सरका." आमच्या हिनं सांगितलं, "इतक्यात नको. अजून नोंद होवची आसा." तो फोटो माझ्यापाशी आहे. त्यात ती मिस्कील दिसते आणि मी पगार चुकलेल्या जवानासारखा.

ग्रामपंचायतीत तीन साक्षीदार जमवले, तिघेही आमच्या लग्नात जेवलेले. त्यातल्या एकाला तर पंगतीतली पाणचट सोलकढी अजून आठवत होती आणि ते त्यानं ग्रामसेवकांना सांगितलंही. मी सही केली. तारीख घातली. पेन बायकोच्या हातात दिलं.

तिनं पेन घेतलं आणि तशीच बसली.

"करा सही," ग्रामसेवक म्हणाले.

"करतंय. पण पयल्या खेपेक माका कोणी इचारूक नाय. ह्या खेपेक मी इचारतलंय." ती माझ्याकडे वळली. "अर्ज धाडलास कित्याक नाय?"

साक्षीदार हसायला लागले. ती हसत नव्हती, आणि ते माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नाही. मी म्हटलं, घरी बोलू. ती म्हणाली, हयसरच. मी ग्रामसेवकांना विनंती केली, ते समजूतदार, साक्षीदारांना चहाला बाहेर घेऊन गेले.

मग मी सांगितलं. अर्ज लिहून मी पाकिटात घालत होतो तेव्हा आई शेजारी येऊन बसली होती. हे काय रे, म्हणून तिनं विचारलं. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण माझ्या कागदांवर तिचं नाव आहे हे तिला माहीत होतं. बाबा लवकर गेले, तेव्हापासून सरकारच्या कुठल्याही कागदावर तिचं नाव आलं असेल तर ते एवढंच. सुनेचं नाव आलं की आपलं गेलं, असं तिला वाटेल या भीतीनं मी म्हटलं, काही नाही गो, जुने कागद. आणि अर्ज पाकिटातून काढून फाइलीत लावला. म्हटलं, पुढच्या महिन्यात बघू.

"आवशीक जावन सा वर्सां झाली," बायको म्हणाली.

हेही खरंच होतं. त्याचं उत्तर देणं जास्त कठीण होतं. मला लाज वाटत होती. वीस वर्षं उशिरा आलेला माझा अर्ज कुणीतरी क्लार्क उघडणार, मी कोण होतो ते वाचणार, आणि शेजारच्याला दाखवून हसणार. मी स्वतः असे अर्ज दाखवून हसलेलो आहे. तेवढ्यासाठी मी हिला वाऱ्यावर सोडलं होतं. मी हे सगळं तिला असंच सांगितलं, मान खाली घालून.

तिनं पेनाला टोपण लावलं. मग म्हणाली, "आवस मरायच्या आदी चार दिस माका इचारी होती. माज्या झिलान तुजां नाव घातल्यान मां गो, म्हणान. दोनदा इचारल्यान. घाल म्हणान सांग त्येका, म्हणाली. माजां आता काय काम."

मी मान वर केली.

"तू काय म्हटलंस?"

"मी म्हटलंय, घातल्यानी. लग्नाच्या दुसऱ्याच म्हयन्यात घातल्यानी." तिनं पेनाचं टोपण काढलं. "तेव्हा गप निजली ती."

दुसरा महिना ही तर अर्जावरची तारीख. म्हणजे हिला माहीत होतं. फाइल आणि तिच्यातल्या तिन्ही प्रती तिनं त्याच्याही आधी कधीतरी पाहिल्या होत्या, आणि माझ्या मरणाऱ्या आईसमोर माझी लाज राखली होती. पुढची सहा वर्षं मी आपणहून करतो का ते बघत गप्प राहिली होती. तिनं सही केली, खाली रेघ मारली, आणि बाहेर हाक मारली, "या हो, लागलां लगीन!"

कागद मी त्याच संध्याकाळी स्कॅन करून पाठवले. पाठवले म्हणजे खरोखर पाठवले, पोच आल्याचा मेसेज तिला दाखवला. नंतर रोज सकाळी अर्ज कुठे पोचला ते बघायचो. एका टेबलावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. कुणी हसलं असेल तर हसलं असेल. साधारण महिन्याभरानं दुपारी जेवत असताना फोन वाजला. उष्ट्या हातानंच मी पान उघडलं. आईच्या ओळीखाली दुसरी ओळ आली होती, आणि त्या ओळीशेजारी तिचा फोटो.

"बघ," मी म्हटलं. "आलीस."

तिनं पदराला हात पुसून फोन घेतला आणि फोटोवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "बरां झालां. आता तुमी मेलास तरी चलात." आणि माझ्या पानात आणखी थोडं सुंगटाचं, म्हणजे कोळंबीचं, कालवण वाढलं. असलं बोलून वर वाढायचं, ही तिची रीत आहे.

मी उत्साहात होतो. म्हटलं, आता एकच राहिलं. माझ्यामागे तुलाही दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागेल. हाच फोन, हेच पान, आपला चेहरा दाखवायचा, डोळे लववायचे, आलेला आकडा टाकायचा. सोपं आहे. नाईकांना जमलं तर तुला का नाही जमणार? आणि जेवण झाल्यावर मी चष्मा लावून तिला शेजारी बसवली, अगदी रीतसर. हे बटण, मग हे बटण.

ती दोन मिनिटं बघत राहिली. मग तिनं फोन उपडा करून माझ्या मांडीवर ठेवला.

"मी शिकूचंय नाय," ती म्हणाली.

"कित्याक गो? कठीण नाय ह्यां."

"कठीण नाय तां माका दिसता. पण शिकलंय तर तुमी निवांत जातलास." तिनं ताटं उचलली. "ऱ्हवा हयसरच, फोन धरूक."